तीस मीटरवर कॅमेरा नेताना: खोल डाइव्हची तयारी, पायरी-पायरीने

मालवणला किंवा तारकर्लीला केलेल्या पहिल्यावहिल्या स्कुबाचा व्हिडिओ आपल्याकडे पुष्कळांच्या फोनमध्ये असतो. पाठीवरचा सिलिंडर गाइडने धरलेला, भोवती मासे, आणि आपण दोन्ही हातांनी 'ओके'ची खूण करतोय. तो कॅमेरा गाइडच्या हातात होता, खोली सहा-आठ मीटर होती आणि आपल्याला श्वास घेण्यापलीकडे काही काम नव्हतं. पुढे कधीतरी ओपन वॉटर हा पहिला डायव्हिंग कोर्स होतो, मग ॲडव्हान्स्ड होतो, अंदमानची तिकिटं काढली जातात आणि निघायच्या आठवड्यात ॲक्शन कॅमेरा आणि त्याचा पाणी न शिरू देणारा बॉक्स (हाउसिंग) मागवला जातो. हा लेख त्या आठवड्यासाठी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कॅमेरा हे डाइव्हमधलं जास्तीचं काम आहे, आणि ३० मीटरवर जास्तीच्या कामासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे वेळ, हवा आणि शांत डोकं, कमी पडतात. म्हणून कॅमेऱ्याचं जेवढं काम जमिनीवर उरकता येईल तेवढं उरकायचं आणि खाली फक्त बटण दाबणं शिल्लक ठेवायचं.

पायरी १: आधी कॅमेरा न घेता खाली जाऊन या

ओपन वॉटर डायव्हरची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०, आणि डीप स्पेशालिटी केलेल्याची ४०. कार्डावर ३० लिहून आलं म्हणजे ३० मीटरवर कॅमेरा हाताळता येतो असं नाही. कोर्समध्ये खोल डाइव्ह बहुतेकदा एकच होते, तीही प्रशिक्षकाच्या नजरेखाली. किमान चार-पाच खोल डाइव्ह रिकाम्या हातांनी करा. जमलं तर ज्या जागी फोटो काढायचे आहेत त्याच जागी करा, म्हणजे प्रवाह कुठून येतो, खडक कुठे संपतो आणि तळ किती खाली आहे हे डोक्यात बसतं.

स्वतःला तपासायची एक सोपी परीक्षा आहे. डाइव्हच्या शेवटी ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, घेताना दोन्ही हात छातीशी बांधा आणि पायातले फिन्स न हलवता तीन मिनिटं एकाच खोलीवर राहा. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वर-खाली होत असाल तर अजून कॅमेऱ्याची वेळ आलेली नाही. दोरी न धरता हे जमलं पाहिजे. आणखी एक: मास्कमध्ये शिरलेलं पाणी एका हाताने काढता आलं पाहिजे, कारण पुढे दुसऱ्या हातात कॅमेरा असणार आहे.

फोटो काढताना हात स्थिर राहावा म्हणून श्वास रोखायची सवय जमिनीवर आपल्या सगळ्यांना असते. पाण्याखाली तीच सवय घातक ठरते. श्वास रोखून नकळत दोन-तीन मीटर वर सरकलात तरी फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते. म्हणून घरी सोफ्यावर बसून फोनवर फोटो काढताना सुद्धा सावकाश श्वास सोडत बटण दाबायचा सराव करा. मी तो महिनाभर केला होता आणि त्याचा उपयोग झाला.

पायरी २: बॉक्सवरचा आकडा वाचा, आणि बटणांचा विचार करा

हल्लीचे बहुतेक गोप्रो हीरो कॅमेरे बॉक्सशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. त्यांच्या स्वतःच्या संरक्षक बॉक्समध्ये ही मर्यादा ६० मीटर होते. ऑलिंपस टीजी-६ आणि त्याच्या पुढचा ओएम सिस्टिमचा टीजी-७ उघडे १५ मीटरपर्यंत आणि त्यांच्या कंपनीच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत जातात. मोठ्या कॅमेऱ्यांची ॲल्युमिनियमची हाउसिंग बहुधा १०० मीटरची असतात. फोन 'वॉटरप्रूफ' आहे हे वाक्य डाइव्हसाठी निरुपयोगी आहे, आणि गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नेऊ नका.

ज्या खोलीवर जायचं आहे तिच्यापेक्षा निदान दहा मीटर जास्तीचा आकडा असलेला बॉक्स घ्या. कारण साधं आहे. समुद्रात दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका बारने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. बॉक्समधली हवा मात्र बोटीवर होती त्याच दाबाची असते. म्हणजे ३० मीटरवर बॉक्सच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीन किलोचा भार बाहेरून असतो. बारा बाय दहा सेंटिमीटरचं मागचं झाकण धरलं तर एकूण भार साडेतीनशे किलोच्या वर जातो.

आता हाच हिशेब बटणाचा करा. चार मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर ३० मीटरला सुमारे पावणेचारशे ग्रॅमचा भार सतत असतो, आणि ४० मीटरला तो अर्धा किलो होतो. आतली स्प्रिंग तेवढा भार उचलून बटण पुन्हा बाहेर ढकलेल एवढी दमदार असावी लागते. स्वस्त बॉक्समध्ये ती तशी नसते. वीस मीटरपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि तीसला बटण आत जाऊन तिथेच अडकतं. बॉक्स फुटत नाही, पाणी शिरत नाही, फक्त कॅमेरा ऐकेनासा होतो.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या कॅमेरा-डाइव्हला नेमकं हेच झालं. २८ मीटरवर शटरचं बटण आत गेलं ते बाहेर येईना. मी ते नखाने उचकटत बसले, बॉक्स हातावर आपटून पाहिला, दुसरं बटण दाबून मोड बदलायचा प्रयत्न केला. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या माझ्या जोडीदाराने, माझ्या डोळ्यांसमोर हात हलवला तेव्हा मी सिलिंडरमधली हवा दाखवणारा गेज बघितला: ७० बार. शेवटचा कधी बघितला होता ते आठवत नव्हतं. त्या बटणाशी मी चार मिनिटं घालवली होती आणि मला ती अर्ध्या मिनिटासारखी वाटली होती. आम्ही नीट वर आलो, सेफ्टी स्टॉपही पूर्ण केला, पण त्या दिवसापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: खाली कॅमेऱ्याने कुरकुर केली की एकदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर तो छातीवरच्या खटक्याला अडकवून विसरून जायचं.

टचस्क्रीन बॉक्समध्ये चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. रिझोल्यूशन, फ्रेम रेट, मोड हे सगळं बोटीवर चढण्याआधी ठरवा. गोप्रोमध्ये 'एका बटणात रेकॉर्डिंग' हा पर्याय चालू ठेवला तर खाली एकच बटण लागतं आणि तेच पुरेसं आहे.

पायरी ३: ओ-रिंग, आदल्या रात्री

बॉक्सच्या कडेला बसलेलं ते रबरी कडं हेच कॅमेरा आणि समुद्र यांच्यामधलं राखणदार. पाणी शिरलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांची गोष्ट ओ-रिंगवर राहिलेल्या एका केसाशी, वाळूच्या कणाशी किंवा टॉवेलच्या धाग्याशी येऊन संपते. म्हणून या कामाला रात्री जेवणानंतरचा निवांत अर्धा तास द्या. सकाळी जेटीवर, वाऱ्यात, बोट निघायची घाई असताना हे काम करू नका.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. टेबलावर साधा, गुळगुळीत, फिक्या रंगाचा कागद पसरा. पंचा किंवा टॉवेल नको, त्याचे तंतू निघतात. ओ-रिंग काढायला सुई, सेफ्टी पिन, चाकूचं टोक वापरू नका. बोटांच्या चिमटीत एका बाजूने ढकललं की एक छोटासा फुगा येतो, तो धरून बाहेर काढा. नाही निघाली तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा गोल कोपरा चालेल.

मग डोळे मिटून ती बोटांमधून पूर्ण फिरवा. डोळ्यांना न दिसलेला कण बोटांना लागतो. उजेडात हलकेच ताणून चीर किंवा चपटलेला भाग आहे का बघा. असेल तर नवी घाला. जास्तीची एक ओ-रिंग सोबत ठेवणं हा चैनीचा भाग नव्हे. ज्या खाचेत ती बसते ती खाच चष्म्याच्या कापडाने पुसा. कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांनी पुसू नका, त्या तंतू सोडतात.

ग्रीस लावायचं ते मोहरीच्या दाण्याएवढं. पुष्कळांना वाटतं की ग्रीस पाणी अडवतं. पाणी रबर अडवतं. ग्रीस ते रबर खाचेत सरकून नीट बसावं एवढ्यासाठी असतं. जास्त झालं तर त्यावर वाळू चिकटते. आणि बॉक्ससोबत मिळालेलंच ग्रीस वापरा. काही ओ-रिंग सिलिकोन रबराच्या असतात आणि चुकीच्या सिलिकोन ग्रीसने त्या फुगतात. लावून झालं की ओ-रिंग नुसती ओलसर चमकली पाहिजे, पांढरे गोळे दिसता कामा नयेत. काही बॉक्सच्या ओ-रिंगला ग्रीस लावायचंच नसतं; गोप्रोचा बॉक्स त्यांतलाच. तेव्हा माहितीपत्रक वाचा.

बॉक्स बंद करताना तो एसी चालू असलेल्या खोलीत बंद करा. अंदमानची, कोकणची हवा दमट. ती दमट हवा आत कोंडली आणि बॉक्स खाली गार पाण्यात गेला की आतली वाफ काचेवर धुकं होऊन बसते आणि डाइव्हभर जात नाही. आत सिलिका जेलच्या किंवा धुकं शोषणाऱ्या एक-दोन पट्ट्या घाला, फक्त त्यांचं टोक ओ-रिंगखाली येत नाही ना ते पाहा. बंद केल्यावर पारदर्शक बॉक्स असेल तर कडेने सगळीकडे ओ-रिंगची अखंड, एकसारख्या रुंदीची रेघ दिसते. ती कुठे तुटलेली दिसली तर उघडून पुन्हा पहिल्यापासून.

बॅटरी पूर्ण, कार्ड रिकामं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ खोली आणि वेळ नोंदवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या घड्याळाशी मिनिटापर्यंत जुळवलेलं. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग लेखाच्या शेवटी सांगते.

पायरी ४: रिकामा बॉक्स बुडवून आणा

नवा बॉक्स असो, जुनाच पण नव्या ओ-रिंगचा असो, पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय. आत टिश्यू पेपरची घडी आणि एखादं शिशाचं छोटं वजन ठेवा, नाहीतर बॉक्स फुग्यासारखा वर ओढत राहील. डाइव्ह मास्टरला आधी सांगा. पुढे जेवढ्या खोलीवर कॅमेरा नेणार तेवढ्या खोलीपर्यंत हा बॉक्स गेला पाहिजे. हॉटेलच्या तलावात बुडवून पाहणं ही निम्मीच परीक्षा. खाली गेल्यावर प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा आणि ते परत बाहेर येतं का बघा. वर येऊन बॉक्स कोरडा केल्यावर उघडा. टिश्यू खडखडीत कोरडा असेल तर पुढच्या डाइव्हला कॅमेरा घाला.

याच डाइव्हमध्ये तुम्हाला हातात वस्तू घेऊन पोहण्याचा अंदाजही येतो. एका फेरीत दोन कामं होतात.

पायरी ५: तो तुमच्या अंगाला कसा जोडलेला आहे

मनगटात अडकवायची दोरी खोल डाइव्हला नको. कॅमेरा सुटला तर ती कॅमेरा वाचवते खरी, पण बडीला हवा द्यायची वेळ आली की तीच दोरी श्वास घ्यायच्या रेग्युलेटरच्या नळीत गुंतते. चांगली पद्धत अशी: बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाच्या, छातीवरच्या डी-रिंगला (कडीला) एका हाताने उघडणारा स्टीलचा खटका, त्याला गुंडाळी होणारी छोटी दोरी, आणि तिच्या टोकाला कॅमेरा. खटका हातमोज्यासह, डोळे मिटून उघडता आला पाहिजे. घरी बीसीडी घालून वीस वेळा करून बघा.

वजनाची गोष्ट अधिक महत्त्वाची. ट्रे (कॅमेरा आणि दिवे बसवायची पट्टी), दोन दिवे, बॉक्स मिळून पाण्यात किती जड आहेत ते बादलीत नाही, तलावात बघा. हातातून सोडल्यावर सावकाश खाली जाईल एवढंच वजन असावं, शंभर-दोनशे ग्रॅम. जास्त असेल तर ट्रेच्या दांड्यांना फ्लोट लावून कमी करा. का ते सांगते. समजा तुमचा संच पाण्यात एक किलो जड आहे आणि तुम्ही त्या हिशेबाने कमरेचं शिसं एक किलोने कमी केलंत. डाइव्हच्या शेवटी सिलिंडर रिकामा होत आलेला असतो, त्यामुळे तुम्ही आधीच हलके झालेले असता. अशा वेळी अडचणीत कॅमेरा सोडून द्यावा लागला तर ५ मीटरवर थांबणं तुम्हाला अशक्य होईल. म्हणून कॅमेऱ्याचं वजन तुमच्या वजनाच्या हिशेबात कधीच धरू नका. गरज पडली तर तो टाकून देता आला पाहिजे, आणि टाकल्याने तुमच्या डाइव्हमध्ये काही बिघडता कामा नये.

पायरी ६: बोटीवर आणि पहिले पाच मीटर

बोटीवर बॉक्स उन्हात ठेवू नका; ओल्या कापडाखाली, सावलीत ठेवा. सगळ्यांचे मास्क बुडवायच्या सामाईक बादलीत तो सोडून निघून जाऊ नका. तिथे कुणाचा तरी मास्क, कुणाचा तरी टॉर्च त्याच्यावर आपटतो आणि कड्या सैल होतात. पाण्यात उडी मारताना कॅमेरा हातात नको. आधी उतरा, बीसीडी फुगवा, 'ओके' करा आणि मग बोटीवरच्या माणसाकडून तो मागून घ्या. कुठल्या मुठीला धरून द्यायचा हे त्याला आधीच दाखवून ठेवा. दिव्याच्या दांडीला धरून दिला की सांधा निसटतो.

उतरायला लागलात की तीन ते पाच मीटरवर थांबा आणि बॉक्स डोळ्यांसमोर धरा. बाहेरून चिकटलेले चार-दोन बुडबुडे हाताने पुसले की जातात. पण कडेच्या एकाच जागेतून बुडबुड्यांची बारीक माळ अखंड निघत असेल किंवा आत थेंब दिसत असेल तर लगेच वर जाऊन कॅमेरा बोटीवर द्या. इथे एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: ओ-रिंग बहुधा खोल पाण्यात दगा देत नाही, उथळ पाण्यात देते. खोलवर पाण्याचा दाबच झाकण घट्ट दाबून ठेवतो. पहिल्या काही मीटरमध्ये तो दाब पुरेसा नसतो, आणि ओ-रिंगखाली केस असेल तर पाणी तिथेच वाट काढतं. म्हणून या अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात कॅमेरे वाचतात.

महाग हाउसिंगमध्ये आतली थोडी हवा पंपाने काढून घेऊन, तासभर दाब टिकतो का ते दिव्याच्या रंगाने दाखवणारी यंत्रणा असते. परवडत असेल तर तिच्यासारखं दुसरं सुख नाही, कारण गळती बोटीवरच कळते.

पायरी ७: खाली

आता अंदमानात स्वराज द्वीपाजवळचं डिक्सन्स पिनॅकल डोळ्यांसमोर आणा. ज्या बेटाला आपण अजून सवयीने हॅवलॉक म्हणतो तेच हे. खडकाचे तीन सुळके, माथा सोळा-अठरा मीटरवर, पायथा तिशीच्या पलीकडे. भोवती ट्रेव्हॅली माशांचे थवे फिरतात. कॅमेरा हातात असलेल्या माणसाला इथे दर दोन मिनिटांनी काहीतरी खाली ओढतं.

म्हणून आकडे आधी ठरवा आणि बडीला पाटीवर लिहून दाखवा. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरला डीकॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता, राहण्याचा वेळ ५६ मिनिटं आहे. ३० मीटरला तो २० मिनिटांवर येतो आणि ४० मीटरला फक्त ९. हवेचं गणित याहून कडक आहे. आपल्याकडे भाड्याने मिळणारा नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरच्या आसपासचा. तो २०० बारने भरला तर हवा सुमारे २,२०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ३० मीटरवर चौपट, म्हणजे ७२ लिटर लागते. १०० बार उरले की वर निघायचं असं ठरवलं, तर त्याच्या हाती साधारण पंधरा मिनिटं असतात, तीही उतरायचा वेळ धरून. हाच माणूस कॅमेरा घेऊन प्रवाहाविरुद्ध जोरात फिन्स मारू लागला, श्वास २४ लिटरवर गेला, की पंधराची साडेअकरा मिनिटं होतात.

१०० बार हा आकडा कुणाला जास्त वाटतो. पण ३० मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर, घाबरलेल्या श्वासाने, नेमून दिलेल्या वेगाने आणि सेफ्टी स्टॉपसह वर यायचं झालं तर हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ते ९० बार झाले. मी हा हिशेब एकदा कागदावर मांडला आणि पुन्हा कधी शंभरच्या खाली तळाशी थांबले नाही.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, वापरत असाल तर खालची हद्द आणखी पक्की आहे. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने, ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरली तर, साधारण ३३ मीटरच्या खाली जाता येत नाही. स्क्रीनकडे बघत माशामागे जाताना तीन-चार मीटर खाली सरकणं अगदी सहज होतं, आणि ऑक्सिजनच्या विषबाधेचा झटका आधी सूचना देईलच असं नाही.

माझी खालची शिस्त एका ओळीची आहे: एक फोटो, मग कॉम्प्युटर, गेज, बडी. याच क्रमाने. व्हिडिओ असेल तर वीस सेकंदांचा तुकडा आणि मग तीच फेरी. बडीच्या हातात कॅमेरा नसावा, निदान पहिल्या दहा खोल डाइव्हना तरी. दोन कॅमेरे म्हणजे दोन एकटे डायव्हर.

तिशीच्या आसपास नायट्रोजनची गुंगी सुरू होऊ शकते. कॅमेरा असलेल्या माणसात ती मौजेच्या रूपाने फारशी दिसत नाही, चिकाटीच्या रूपाने दिसते. एकाच शिंपल्याचे पंधरा फोटो, एकाच बटणाशी झटापट, 'अजून एक' असं वाटत राहणं. माझ्या त्या चार मिनिटांमागे हीच गुंगी होती असं मला आज वाटतं. उपाय सोपा आहे: पाच-सहा मीटर वर या, ती ओसरते. बडीला आधी सांगून ठेवा की मी एकाच जागी दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळले तर माझ्या फिनला हात लाव.

डाइव्हचा सगळ्यात खोल भाग सगळ्यात आधी. पायथ्याशी दोन-तीन फोटो, मग सुळक्याभोवती वळसे घेत वर. खरं सांगायचं तर चांगले फोटो माथ्यावरच मिळतात: उजेड जास्त, वेळ जास्त, डोकं ताजं.

रंग आणि उजेड, थोडक्यात

पाणी आधी तांबडा रंग गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. तिशीला सगळं निळं-राखाडी. लाल फिल्टर पाच ते वीस मीटरमध्ये उपयोगी आहे, त्याखाली तो फक्त उरलासुरला उजेड कमी करतो, म्हणून खोल डाइव्हला काढून ठेवा. तिथे रंग हवा तर दिवा हवा आणि जवळ जायला हवं. हाताच्या अंतरावरचं काढा. तीन मीटरवरच्या माशावर दिव्याचा उजेड पोहोचून परत येईपर्यंत त्यातला तांबडा पुन्हा पाण्यात विरतो. दिवे लेन्सच्या अगदी शेजारी लावू नका. दांड्या बाजूला पसरा आणि दिवे किंचित बाहेर वळवा, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन फोटोभर सांडतो. भपकेदार दिव्यांचा खर्च पहिल्या वर्षी करू नका.

प्रवाळावर हात नाही

फोटोसाठी खडक धरायची इच्छा होते. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी एका मुठीत पुष्कळ वर्षांची वाढ मोडते. शिवाय ज्या दगडावर तुम्ही हात टेकाल तो स्कॉर्पियनफिश असू शकतो; तो दगडासारखाच दिसतो आणि त्याच्या काट्यांत विष असतं. कासवामागे धावू नका. ते श्वास घ्यायला वर जात असेल तर त्याच्या वाटेत दिवे घेऊन थांबू नका. टेकल्याशिवाय फोटो येत नसेल तर तो फोटो सोडून द्या.

पायरी ८: वर येताना

वर निघायची खूण झाली की कॅमेरा बंद, दिवे बंद, दांड्या मिटून खटक्याला. हात मोकळे हवेत: एक बीसीडीच्या बटणावर, एक कॉम्प्युटर बघायला. वेग मिनिटाला ९ मीटर. बोटीला आपली जागा दाखवणारी सिग्नल ट्यूब फुगवायची असेल तर दोन्ही हात लागतात, तेव्हा तिच्या दोरीचं रीळ आणि कॅमेऱ्याची दोरी वेगवेगळ्या बाजूंना असू द्या. ५ मीटरवरच्या तीन मिनिटांत, तरंगणं स्थिर झाल्यावर, हवं तर पुन्हा कॅमेरा काढा. डोक्यावर बोटीची सावली आणि तिच्याभोवती थवा, हा फोटो मला तळाशी काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आवडतो.

खाली असताना बॉक्समध्ये पाणी दिसलं तर कॅमेरा बंद करा, काच खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी पुढे साचेल, आणि नेहमीच्याच वेगाने वर या. कॅमेऱ्यासाठी एक मीटरही घाईने चढू नका. बोटीवर तो बॉक्स तोंडासमोर धरून उघडू नका, कारण खोलवर पाण्याबरोबर आतली हवा दाबली गेलेली असू शकते आणि झाकण उसळतं. बॅटरी आणि कार्ड काढा, कॅमेरा गोड्या पाण्याने धुवा आणि तो चालू होतो का हे बघायचा मोह टाळा. खारं पाणी लागलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. ती पेट घेऊ शकते.

डाइव्हनंतर

बंद बॉक्स गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबा, नाहीतर दांड्याभोवती मीठ धरतं आणि पुढच्या खेपेला तेच बटण अडकतं. पूर्ण कोरडा झाल्यावरच उघडा. आधी स्वतःचे केस पुसा. डाइव्ह सुखरूप झाल्यावर डोक्यावरून ओघळलेल्या थेंबांनी खराब झालेला कॅमेरा मी पाहिला आहे.

विमानप्रवासात लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकं झाकून. बॉक्सची ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा, म्हणजे हवेच्या दाबातल्या फरकाने झाकण चिकटून बसत नाही. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या. परतीचं तिकीट काढताना हे धरा.

आणि आता घड्याळ जुळवण्याचा उपयोग. रात्री खोलीवर आल्यावर फोटो आणि कॉम्प्युटरमधला डाइव्हचा आलेख शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक फोटोच्या वेळेपाशी आलेखात तुम्ही किती मीटरवर होतात ते बघा. जिथे रेघ दातेरी झालेली आहे तिथे बहुधा एक फोटो सापडेल. जिथे ती ठरवलेल्या खोलीच्या खाली गेली आहे तिथेही. माझ्या वहीत अशा प्रत्येक जागेपाशी फोटोचा क्रमांक लिहिलेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर जाताना मी बडीला तेवढे क्रमांक दाखवते, म्हणजे कुठे माझ्याकडे जास्त लक्ष ठेवायचं ते त्याला कळतं.